पोर्टफोलिओच्या रिकाम्या चौकटी

आम्ही मूळचे नांदेडचे. नवऱ्याची रेल्वेतली बदली आम्हाला लखनौला घेऊन आली आणि इंदिरानगरात आम्ही स्थिरावलो. मुलगी इथेच वाढली. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते.

अकरावीत असताना ती एका युवा क्लबात जायची. त्या वर्षी तिने कॉलनीतल्या मोठ्या बायकांना सायकल शिकवली. त्या कामाचा पोर्टफोलिओ क्लबला पाठवायचा होता. त्यावरून मुलाखती घेऊन राज्याच्या शिबिरासाठी मुलं निवडणार होते. पोर्टफोलिओ म्हणजे संगणकावर भरायची एक फाइल, प्रश्न आणि त्यांखाली उत्तरांच्या चौकटी. मुदत रविवारी संध्याकाळी पाचची.

त्या रविवारी सकाळी तिने लॅपटॉप सुरू केला. तो रात्री आपोआप रिस्टार्ट झाला होता. फाइल पुन्हा उघडली तर सगळ्या चौकटी कोऱ्या. आठवडाभर लिहिलेल्यातलं एक अक्षर उरलं नव्हतं. ती रडली नाही. स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाली, "मम्मी, सब चला गया."

मी क्लब चालवणाऱ्या दीदींना फोन लावला. त्या म्हणाल्या की ब्राउझरमध्ये भरलेलं दिसतं पण राहत नाही. फाइल आधी उतरवून घ्यायची आणि मग फॉर्म भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची. ते सॉफ्टवेअर टाकायला गेलो तर लॅपटॉपने पासवर्ड मागितला. लॅपटॉप नवऱ्याच्या ऑफिसचा, आणि नवरा लाइनवर तपासणीला गेलेला, फोन लागेना.

मग कपाटातून माझा जुना लॅपटॉप काढला. त्याची बॅटरी कधीच मेली होती, त्यामुळे तो फक्त विजेवर चालायचा. सॉफ्टवेअर अर्धंअधिक उतरलं आणि वीज गेली. घरात पंखा थांबल्यावरची ती शांतता मला अजून आठवते. वीज आली तोवर दुपार झाली होती. सगळं पहिल्यापासून.

"रहने दो," ती म्हणाली. "मुझसे दोबारा नहीं होगा."

"तू नुसतं बोल. टाइप मी करते."

ती उठून गेली नाही. अखेर फाइल उघडली. मी पहिल्या चौकटीत एक शब्द लिहिला, सेव्ह केला, फाइल बंद केली. पुन्हा उघडताना तिने माझा दंड धरला होता. शब्द जागेवर होता.

मग ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. कामात काय चुकलं, या प्रश्नाशी ती अडली. घड्याळाकडे पाहून मी घाई केली. तेव्हा तिने मला पहिल्यांदाच सांगितलं की मागच्या गल्लीतल्या एक बाई तिच्या भरवशावर उतारावर गेल्या आणि पडल्या. मनगट मोडलं. हाताला प्लास्टर होतं तोवर ही रोज शाळेतून येताना त्यांच्याकडे जाऊन कणीक मळून देत होती. मला वाटायचं, ट्यूशनमुळे उशीर होतो.

"हे आधी लिहिलं होतंस?"

"नहीं. डर था कि नहीं चुनेंगे."

"मग आता?"

मी घड्याळाकडे पाहणं सोडलं आणि बोटं कीबोर्डवर ठेवली.

"लिख दो," ती म्हणाली. "और यह भी कि वह उतार मैंने चुना था."

उत्तर चौकटीत मावेना, खालच्या ओळी दिसेनाशा झाल्या. तिने स्वतःच कौतुकाची वाक्यं खोडली, पडल्याची ठेवली. फाइल पाठवली तेव्हा पाचला जेमतेम काही मिनिटं उरली होती. दीदींचा निरोप येईपर्यंत आम्ही दोघी त्या स्क्रीनसमोरून हललो नाही. फाइल मिळाली, उघडली, सगळी उत्तरं दिसत आहेत, असं त्यांनी कळवलं. मग ती सकाळची गार पोळी उभ्याउभ्याच खाऊ लागली.

मुलाखतीत तिला त्याच उत्तराबद्दल विचारलं. काय बोलली ते तिने मला सांगितलं नाही. निवड झाल्याचं तिला क्लबात कळलं, तेव्हा ती आधी मागच्या गल्लीत त्या बाईंकडे गेली आणि मग घरी आली.