आईची साक्ष

आईने गजरा माळला होता. लॅपटॉपच्या पडद्यावर तो दिसला आणि मी ओळखलं, आज काही खरं नाही. चौकशी म्हटली की आमची आई थेट स्थळाच्या सुरात जाते, लेकीचे नुसते गुण गाते, आणि आज तो सूर मला परवडणारा नव्हता.

२०२१चा फेब्रुवारी. मी आयर्लंडमध्ये, मेनूथच्या भाड्याच्या खोलीत, आई सांगलीला, आणि तिसऱ्या चौकटीत डब्लिनच्या मानसशास्त्रज्ञ बाई. मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर. तिथला नियम साधा: काम झालं की त्याच मिनिटाला वहीत नोंद, वेळ आणि सही. मी काम चोख करायची आणि नोंद विसरायची. साहेब सुरुवातीला ‘यू आर ग्रँड’, म्हणजे चालतंय गं, म्हणून हसण्यावारी न्यायचा. दोन लेखी ताकिदी झाल्यावर त्याचं ग्रँड बंद पडलं. तिसरी आली की नोकरी जाणार, आणि माझं तिथे राहायचं परमिट त्याच नोकरीवर होतं.

कंपनीच्या डॉक्टर म्हणाल्या, अवधानाचा, म्हणजे लक्ष न टिकण्याचा, त्रास असेल तर तसा अहवाल आण, मग मदत देता येईल. अहवालाला अट अशी, की हा त्रास लहानपणापासून आहे हे घरच्या कोणीतरी सांगायला हवं. बाबा राहिले नव्हते. राहिली आई, आणि तिचं इंग्रजी बेताचंच. मराठी दुभाष्या मिळायला दोन महिने लागणार होते. शेवटी बाई नाइलाजाने म्हणाल्या, तूच भाषांतर कर, पण शब्दाला शब्द.

“लहानपणी वस्तू हरवायची का?” बाईंनी विचारलं.

“छे! एक पेन्सिल हरवली नाही कधी,” आई म्हणाली. “दहावीला शाळेत दुसरी आली, ते पण सांग मॅडमना.”

“कामं अर्धवट सोडायची?”

“कध्धीच नाही. माझ्या लेकीला कुणी नाव ठेवलेलं नाही.”

मला इतका राग आला की कान तापले. आदल्या दिवशी तासभर बजावलं होतं, खरं सांग म्हणून. बाईंना मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ‘नेहमी हरवायची’ एवढं म्हटलं असतं तरी काम फत्ते. शब्द जिभेवर आलेही होते. पण आई खरंच बोलत असली तर? मग मला काही झालेलं नव्हतं. मग मी नुसती बेफिकीर होते, साहेबाला वाटत होते तशी. या गोष्टीची मला नोकरी जाण्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. मी आईचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगून टाकलं.

बाईंनी प्रश्नांचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “शाळेच्या दिवशी सकाळी घरात काय काय व्हायचं, ते सांगायला सांग.”

आईची कळी खुलली. “दप्तर मी भरायची. मोजे मी घालायची. हिच्या हातात दिले की एक मोजा घेऊन खिडकीत उभी राहायची की ही.”

“तेव्हा वय काय होतं?”

“नववीत असेल. पेन्सिली मी डझनाने आणायची, रोज दप्तरात नवी टाकायची. परीक्षेला दुसरा कंपास घेऊन फाटकाशी थांबायची. अभ्यासाला शेंगा सोलत शेजारी बसायची. मी उठले की ही उठली.”

मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते. बाई भराभर लिहीत होत्या.

“आणि म्हणून तर पुण्याला पाठवली नाही,” आई म्हणाली. “तिथल्या कॉलेजात नंबर लागला होता. पण तिथं हिचं कोण बघणार?”

हे वाक्य इंग्रजीत सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं. मुलगी म्हणून मला पुण्याला पाठवलं नाही, हा डंख मी बारा वर्षं जपला होता. त्यावरून आईला नाही नाही ते बोलले होते. तिने एकदाही हे कारण सांगितलं नव्हतं.

पुढे अहवाल मिळाला. नोंदीच्या वेळी दोन मिनिटं शेजारी येऊन उभी राहणारी एक सहकारीही मिळाली. पण त्या क्षणी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आई कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली. स्थळाचा सूर गेला होता.

“तिकडं हे सगळं कोण करतं गं तुझं?”

“काय विचारलं त्यांनी?” बाई म्हणाल्या.

मी प्रश्न सांगितला, शब्दाला शब्द. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

“कोणी नाही,” मी म्हणाले. आधी मराठीत, मग इंग्रजीत.