बिरोबाच्या पायाशी उंदीर

आमचा छापखाना शहागंजच्या मागच्या गल्लीत होता. छापखाना म्हणजे काय, खाली एक खोली, तिच्यात पायानं चालवायचं मशीन, आणि वर आम्ही राहायचो. मी लग्न होऊन आले तेव्हा मला नुसती अक्षरओळख होती. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, उलटे असतात, ते जुळवता जुळवता मी वाचायला शिकले. त्यावरून सासरे चिडवायचे, "हिला पेपर द्यायचा तर आरशासमोर धरून द्या."

लग्नपत्रिका हा आमचा मुख्य धंदा. पण मी सांगतेय त्या दिवसांत आमचे खिळे झिजून गेले होते. वेलांट्या तुटलेल्या, मात्रा उडालेल्या. नवे खिळे ओतून देणारा कारखाना बंद पडलेला. आमचे हे रोज सकाळी मशीनला तेल घालायचे आणि म्हणायचे, "अजून एक लगीनसराई निघंल." तीन लगीनसराया ते हेच म्हणत होते.

मग माझ्या धाकट्या दिरांनी कंप्युटर आणला. मी त्यांना भावजी म्हणते, इथंही तेच म्हणते. भावजी वाळूजला एका कंपनीत होते. तेव्हा वाळूजला रोज एक नवं धुराडं उभं राहायचं, आणि मोठ्या कंपन्या नवं यंत्र आलं की जुनं लिलावात काढायच्या. तसल्या एका लिलावातून त्यांनी हे खोकं उचललं आणि वर्षभर त्याच्यापुढं बसून पत्रिकेचा प्रोग्राम लिहिला. नावं घातली की पत्रिका आपोआप जुळून यायची. वर गणपती, मधी वधूवर, खाली काका-मामांची रांग. ते पारदर्शक कागदावर काढायचं आणि त्यावरून छापायचं. खिळ्यांची गरजच संपली.

इथपर्यंत ठीक होतं. पण भावजींनी तो प्रोग्राम फ्लॉपीवर घालून मागेल त्याला फुकट द्यायला सुरुवात केली. नुसता प्रोग्राम नाही, तो आतून कसा बनवलाय त्या सगळ्या ओळीसुद्धा.

मी म्हणाले, "भावजी, भाजी फुकट द्या, पण भाजी कशी केली तेपण सांगताय?"

"व्हय वहिनी. ज्याला तिखट पायजे तो तिखट करंल. फक्त त्यानं मला येऊन सांगायचं की असं असं केलं."

आता माणसं यायला लागली. लिलावातली जुनी खोकी बऱ्याच जणांनी उचलली होती. सांगायला मात्र कुणी आलं नाही, सगळे विचारायलाच आले. टाइपिंग क्लासवाले आले, रबरी शिक्केवाले आले. कोपऱ्यावरचे चाचा आले, ते निकाहच्या पत्रिका छापायचे. बिडकीनचे एक जण आले. देवगाव रंगारीचे एक जण आले, धनगराचे, मेंढरं विकून दुकान टाकलेलं, आणि डोक्याला अजून तोच मोठा पटका. फोन तर नव्हताच आमच्याकडं, त्यामुळं ज्याला अडलं तो थेट दारात. भावजी रातपाळी करून झोपलेले असायचे, आणि जिन्यात कुणीतरी फ्लॉपी पदराखाली झाकल्यासारखी शर्टाखाली धरून उभा. प्रश्नही एकच. एक विचारून गेला की दुसरा तेच विचारायला यायचा. भावजी बिचारे उशीवर डोकं ठेवूनच सांगायचे, "वरचं दुसरं बटण दाबा." एकदा तर झोपेत म्हणाले, घरात विचारणारं कुणी नसताना.

त्यांचं लग्न जमवायचं चाललं होतं. पैठणकडची मुलगी पाहिली होती. मुलगी त्यांच्या मनात भरली होती, हे मला कळलं कारण त्यांनी नवा शर्ट शिवायला टाकला. एका रविवारी मुलीचे वडील घर बघायला आले. दाराशी चपलांचा ढीग. ते खालीच थांबले आणि आमच्या यांना हळूच म्हणाले, "कोण गेलं?"

"कुणी नाय. वर पत्रिकावाले बसलेत."

"पत्ते?"

"पत्रिका."

वर आले, तर कुणी खिडकीत, कुणी माझ्या पिठाच्या डब्यावर, आणि मधोमध भावजी, डोळे लाल. पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला. उठताना म्हणाले, "माणूस चांगला हाय. पण पोरगी मला माणसाला द्यायचीय, धर्मशाळेला नाय. पुढच्या महिन्यात परत येतो, रविवारीच येतो. तवा घर घरासारखं दिसलं तर सुपारी फोडू."

पाहुणे गेल्यावर भावजी म्हणाले, "वहिनी, बंद करून टाकतो. आजपासून कुणाला सांगायचं नाय, काही द्यायचं नाय."

मला ते पटेना. आमचा छापखाना आता त्याच प्रोग्रामवर चालत होता. त्यात रोज काही ना काही अडायचं, ते सुधारायचं कोण? आणि भावजींनी ते सोडलं असतं तर ते लग्नात सुद्धा सुतकी तोंडानं बसले असते, मी ओळखते त्यांना. म्हणजे मला लग्नही पाहिजे होतं आणि प्रोग्रामही.

मी उपाय सुरू केले. दारावर पाटी लावली, "झोपलेले आहेत." तर चाचा बाहेर उभे राहून आमच्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात दुसऱ्याला समजावायचे, "आहिस्ता बोलो, सोये हैं." मग मी चहा बंद केला. तर देवगाववाले येताना दूध घेऊन यायला लागले, किटलीभर, घरच्या शेळीचं. आता दूध आणलं म्हणजे चहा करावाच लागतो.

महिना संपत आला आणि त्यातच एक बंद आला. नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटून उठायचा, शांत व्हायचा, परत पेटायचा. बंद नामांतर पाहिजे म्हणणाऱ्यांचा असो की नको म्हणणाऱ्यांचा, एसटी दोन्ही वेळा बंदच. त्या रविवारी भावजी कंपनीतच अडकले, वाळूजहून गाडीच सुटली नाही. आणि आमच्याकडं सकाळच्या पहिल्या एसटीनं येऊन पोचलेले दोघं अडकले, बिडकीनचे आणि देवगाव रंगारीचे. चाचा गल्लीतलेच, ते दुकान बंद म्हणून आले. दुकान उघडं असतं तरी आले असते.

बिडकीनवाले एरवी हसतमुख. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक पत्रिका काढून माझ्या हातात दिली.

पत्रिका बौद्ध लग्नाची होती. मंगल परिणय, मजकूर सगळा बरोबर. आणि वर गणपती.

"वहिनी, पोरीचा मामा नामांतराच्या मोर्चात पुढं चालणारा माणूस हाय. त्यानं ही पत्रिका हातात घेतली अन् मला इचारलं, आमच्या पोरीच्या लग्नाला ह्यांना कुणी बोलावलं?"

मी हसू दाबलं. ते मात्र हसले नाहीत.

"मी काढायला गेलो तर निघंना. मुद्दाम केलं नाय कुणी, मला म्हाईत हाय. पण न इचारता आलंय ना ते. सगळं भांडण तर त्याचंच चाललंय, कुणाच्या डोक्यावर कुणी काय लिहायचं." मग म्हणाले, "छापून द्यायचीय. मामा म्हणतो नसंल जमत तर मोठ्या दुकानात जातो."

मी म्हणाले, "भावजी येईपर्यंत थांबावं लागंल."

ह्यावर देवगाववाले आपला पटका सोडून परत बांधायला लागले. गरज नव्हती, चांगला बांधलेला होता.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"काय नाय."

"मग पटका का सोडला?"

"वहिनी, मास्तरांना सांगणार नसाल तर सांगतो." भावजींना ते मास्तर म्हणायचे. "माझ्या पत्रिकेवर गणपती नसतोच. आमच्या लोकांना वर बिरोबा लागतो. मी घातलाय."

"कुठं घातलाय?"

"आतल्या ओळीत. गणपतीची ओळ पुसली अन् तिथं घोड्यावरचा बिरोबा बसवला. चौकटीच्या कागदावर ठिपका ठिपका काढून."

"कधी?"

"मागल्या शिमग्याला."

बिडकीनवाले त्यांच्याकडं बघतच राहिले. "अन् मी इथं चार रविवार ह्याच खोलीत तुमच्या शेजारी बसून गणपती काढतोय."

"मास्तरांच्या हातचं काम, त्यात आपण हात घातला. कसं सांगावं?"

मी चाचांकडं पाहिलं. चाचा छताकडं बघत होते.

"चाचा?"

"अब क्या बोलूं भाभी. निकाह के कार्ड पे गणपती चलता क्या? मैं तो पहले हफ्ते में निकाल दिया. नाम भी उल्टे बाजू से चलाया. पर मास्टर को बुरा लगेंगा बोल के चुप बैठा."

म्हणजे बघा. ज्या माणसानं सगळ्यांना एवढंच सांगितलं होतं की बदललं तर येऊन सांगा, त्याचा मान राखायचा म्हणून एकानंही सांगितलं नव्हतं. आणि बाकीचं सगळं विचारून त्याची झोप मोडत होते.

मी तिघांना कंप्युटरपुढं बसवलं. देवगाववाल्यांनी गणपतीची ओळ पुसली. बुद्धाचं चित्र काढायला चौकटीचा कागद घेतला, बिडकीनवाल्यांनी चेहरा भरला, मी मागचं पिंपळाचं पान भरलं. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि आत आम्ही पेन्सिलीनं चौकटी काळ्या करत होतो. दुपारी छापून पाहिलं. बुद्ध सुरेख आले. आणि त्यांच्या पायाशी, हात जोडून, उंदीर.

"हा कुठून आला?" बिडकीनवाले.

"हा असतोच," देवगाववाले म्हणाले. "माझ्या बिरोबाखाली पण येतो."

"मग तुमचे लोक काय म्हणत नाहीत?"

"लोकांना वाटतं कोकरू हाय."

हे ऐकून मी पोळपाटावर हात टेकून हसले. शिमग्यापासून तालुक्यातल्या समस्त धनगरांच्या लग्नात बिरोबाच्या पायाशी उंदीर बसला होता, आणि लोक त्याला हात जोडत होते. एका म्हातारीनं तर म्हणे सांगितलं होतं, कोकरू जरा बारीक दिसतंय, चारा कमी पडला असंल.

चाचा म्हणाले, "चूहा अलग लकीर में है. गणपती ऊपर, चूहा नीचे तीसरी लकीर. मैं उधर गुलाब डाला." आणि त्यांनी एका बोटानं टक टक करून उंदराच्या जागी कमळ बसवून दिलं. एकाला नुसती वरची ओळ ठाऊक, दुसऱ्याला खालचीही, आणि गेले कित्येक महिने दोघं एकाच सतरंजीवर बसून भावजींच्या उठण्याची वाट बघत होते.

पिठलं-भाकरी खाऊन तिघं आमच्याकडंच झोपले. दुसऱ्या दिवशी भावजी आले. मी सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते जिन्यातच बसले. "वहिनी, मला वाटायचं कुणाला ह्यात काही करावंसंच वाटत नाय. नुसतं घेऊन जातात." मग म्हणाले, "उंदीर वेगळ्या ओळीत ठेवायला नको होता."

त्या दिवसापासून नियम मी केला. खाली छापखान्यात ओल्या पत्रिका वाळत घालायची दोरी होती, तिला चिमटे. जो कुणी प्रोग्राममध्ये काही नवं करील त्यानं त्याची एक पत्रिका त्या दोरीला लावायची, खाली गावाचं नाव. बिरोबा पाहिजे, देवगाववाल्यांना विचारा. उजवीकडून लिहायचंय, चाचांना विचारा. जे दोरीवर नाही तेवढंच भावजींना, तेही उठल्यावर. आणि जो विचारून जाईल त्यानं पुढच्या रविवारी एका नव्या माणसाला सांगायचं, नाहीतर चहात साखर मिळणार नाही. शेळीचं दूध आणि साखर नाही, हा चहा कुणी दोनदा पीत नाही.

नियम केला खरा, पण पुढचाच रविवार पाहुण्यांचा. भावजी नवा शर्ट घालून बसले. मी खिडकीतून चपला बघत होते. ढीग पहिल्यापेक्षा मोठा. बातमी पसरली होती ना की आता देव बदलता येतो.

पाहुणे आले, दाराशी थांबले, चपलांकडं बघून मागं वळले. मी खाली धावले. "पाव्हणं, वर या, जावई एकटेच बसलेत."

"अन् ह्या चपला?"

"ती माणसं त्यांच्याकडं नाय आली. एकमेकांकडं आलीत."

आत छापखान्यात दोरीखाली गलका चालला होता. पाहुणे नको नको म्हणत आत डोकावले. तिथं बिडकीनवाले एका नव्या माणसाला काका-मामांची रांग कशी लावायची ते दाखवत होते. पाहुणे ऐकत राहिले. मग त्यांना राहवेना. "मामाचं नाव काकाच्या खाली? कोणत्या गावची रीत ही? आमच्यात मामा वर."

बिडकीनवाल्यांनी मान वर केली. "मग तुमच्याकडची दोरीला लावा की पाव्हणं. आमाला कसं कळणार?"

पाहुण्यांनी कोट काढून मशीनवर ठेवला. वर भावजी नव्या शर्टात, मांडीवर हात ठेवून, चांगली झोप झालेला चेहरा घेऊन वाट बघत बसले होते, आणि खाली त्यांचे होणारे सासरे चौकटीच्या कागदावर आपल्या मेहुण्यांचा मान ठरवत होते. शेवटी मलाच त्यांना वर बोलवावं लागलं, सुपारी फोडायची आहे म्हणून. चहा त्यांनी पूर्ण प्यायला. साखर मी घातली, त्यांनी एकाला समजावलं होतं.

लग्नाची पत्रिका अर्थातच दोरीखालच्या मंडळींनी केली. भावजींना हात लावू दिला नाही. वर आमचा गणपती, मामांची रांग वर, काकांची खाली, काका लोक आजवर माझ्याशी नीट बोलत नाहीत. पत्रिका भावजींच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती जवळ धरून बघितली. गणपतीच्या पायाशी उंदीर नव्हता. एक कोकरू होतं, खासं गुबगुबीत.

"हे कुणी केलं?"

देवगाववाले पटक्याला हात घालणार, तेवढ्यात पाहुणेच म्हणाले, "राहू द्या जावईबापू. चारा भरपूर दिसतोय."

ती पत्रिका भावजींनी स्वतः खाली नेऊन दोरीला लावली. गावाचं नाव लिहायच्या जागी काय लिहावं ते त्यांना सुचेना, मग सगळ्या गावांची नावं लिहिली.