नेमावरला तरंगलेलं मेण

आमच्या काकांना आयुष्यात एकच गोष्ट येते, ती म्हणजे पुढे होणं. लग्न असो, मयत असो, काका पुढे. देवासच्या आमच्या मराठी घरांत अशा माणसाला वडीलधारा म्हणतात. मी मनात काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझा धाकटा भाऊ मेंदूच्या गाठीने गेला. इंदूरला ऑपरेशन झालं तेव्हा गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवला होता. चौकोनी, छोट्या बिस्किटाएवढा ठोकळा. बाकीची गाठ तपासण्यांतच संपली, तेवढाच उरला. गाठ दुर्मीळ जातीची निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा गाठींचे तुकडे, स्कॅन आणि आजाराची सगळी हकीकत एके ठिकाणी साठवतात, आणि देशभरचे संशोधक ती वापरतात. द्याल का? भावाचा उजवा हात लुळा पडला होता, त्याने डाव्याने सही केली. मला म्हणाला, "अक्का, माझं व्हायचं ते होईल. माझ्या डोक्यात काय शिजत होतं ते पुढच्याला तरी कळू दे. पोचवशील ना?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला ठोकळा आमच्याच हाती दिला होता. तो परत आला आणि आठवड्यात भाऊ गेला. तेरावा झाला की पाठवू म्हणून मी तो कपाटात ठेवला. ही माझी अक्कल.

भावजय भाबडी, तिने काकांना सांगून टाकलं. अस्थी न्यायच्या आदल्या दिवशी भरल्या बैठकीत काका म्हणाले, "देहाचा तुकडा घरात ठेवून अस्थी नेताय? गती मिळायची नाही त्याला." मी म्हटलं, त्याने सही केली आहे. "सही त्याची असेल, देह घराण्याचा आहे," काका म्हणाले, आणि समोरच्या चार रिकाम्या डोक्यांनी माना हलवल्या. त्यांत एक बी.एस्सी. झालेला आहे. आणि खुद्द काकांच्या पित्ताशयातले खडे त्यांच्या शोकेसमध्ये काचेच्या बाटलीत आहेत. आल्यागेल्याला कौतुकाने दाखवतात. त्यांना गती नको वाटतं.

हे मी बोलले नाही. उठले, कपाट उघडलं आणि ठोकळा आणून दिला.

नर्मदेवर नेमावरला जाताना खातेगावला चहाला थांबलो. तिथे काकांनी भजी खात खात आत्म्याच्या प्रवासावर व्याख्यान दिलं. घाटावर ठोकळ्यामागची प्लास्टिकची पट्टी पाहून ड्रायव्हर म्हणाला, "भिया, मैया में पलास्टिक मत डालो." सबंध गाडीत विचार करणारा तेवढा एकच. काकांनी नखाने पट्टी उचकटून खिशात टाकली आणि नुसतं मेण अस्थींबरोबर सोडलं.

अस्थी बुडाल्या. मेण कुठलं बुडतंय? ते झेंडूच्या फुलांत तरंगत राहिलं आणि फिरून पायरीशी आलं. आतला भावाचा करडा ठिपका स्वच्छ दिसत होता. काकांनी काठीने ढकललं, पुन्हा आलं. मग कंटाळून ते गुरुजींशी बोलायला वर गेले. मेण माझ्या पायाशी हलत होतं. वाकले असते तर हातात आलं असतं. मागे भावजय उभी होती, नातेवाईक उभे होते. लोक काय म्हणतील, एवढंच माझ्या मनात आलं. थोड्या वेळाने प्रवाहाने ते ओढून नेलं.

महिनाभराने त्या गाठींच्या साठ्याच्या कचेरीतून फोन आला. मुलगी अदबशीर होती. म्हणाली, स्कॅन आणि हकीकत द्या, त्यांचाही उपयोग होतो, पण अशा गाठीचे तुकडे आमच्याकडे फारच थोडे आहेत, तो मेणाचा ब्लॉक कुठे आहे? मी तिला काकांचं सगळं पुराण सांगितलं, खड्यांच्या बाटलीसकट, अगदी चवीने. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तेव्हा तुम्ही तिथे नव्हतात का?"

"होते," मी म्हटलं. "माझ्या पायाशीच आलं होतं."