परकराच्या नाडीखालची खपली

अमरावतीत दवाखान्यामागे आज गवत कापलं आणि त्या ओल्या वासाने भातकुलीच्या सुमनबाई आठवल्या. तेव्हा मी नवखी डॉक्टर होते. शेतात निंदणाला, तण काढायला जाणाऱ्या सुमनबाईंचा ताप मलेरिया, टायफॉइडच्या औषधांनी उतरत नव्हता. आता धापही लागली होती. मी परकराची नाडी सैल करायला सांगितली.

“कावून वो डॉक्टरीनबाई? ताप त साऱ्या अंगात हाय.”

मग संकोचत त्यांनी नाडी सैल केली. तिच्याखाली एक काळी खपली होती. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलीच नव्हती. गवतातल्या बारीक किड्याचा तो चावा. ताप त्याचाच, स्क्रब टायफसचा. योग्य गोळ्या सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत सुमनबाई उठून जेवायला बसल्या.

तेव्हा निदानाचं श्रेय माझं वाटलं होतं. आज वाटतं, त्यांनी लाज बाजूला ठेवून नाडी सैल केली, म्हणून त्या वाचल्या.