सुदामच्या मुठीतली गोळी

साखऱ्याजवळच्या तांड्यावर पुनमचंदचं तोंड उघडायच्या आधी त्याचा हात चालायचा. बैल अडला की शेपटी पिरगाळून मोडायचा, बायको भिकाबाई काही बोलली की तिची वेणी याच्या मुठीत. एकदा रागाच्या भरात त्यानं स्वतःचीच खाट कुऱ्हाडीनं फोडली आणि पुढं महिनाभर जमिनीवर झोपला. तांडा हसला, पण तो समोर नसताना.

त्र्याण्णव साली भावांची वाटणी निघाली. थोरला पुनमचंद, मधला प्रेमदास, धाकटा सुदाम. जमिनीचे तुकडेही तीनच: एक विहिरीचा, एक काळ्या मातीचा, एक खडकाळ माळ. लिहिता-वाचता येणारे मोजके, म्हणून तिथं वाटण्या चिठ्ठ्यांवर होत नसत. तांड्याचा नायक मातीच्या तीन सारख्या गोळ्या वळायचा. विहिरीच्या तुकड्यासाठी आत हळकुंड, काळ्या रानासाठी सरकी, माळासाठी खडा. वाळलेल्या गोळ्या टोपल्यात टाकायच्या, सगळ्यात धाकट्यानं आधी उचलायची, थोरल्यानं शेवटी. तिघांच्या हाती आल्या की मगच फोडायच्या.

"म्हंजे धाकटा निवडून घेणार आन् मी उरलंसुरलं खाणार?" लिंबाखाली सगळ्यांदेखत पुनमचंद ओरडला. "मोठा कोन हाय इथं? आधी मी उचलतो."

"रीत हाय, दादा," सुदाम म्हणाला आणि त्यानं हसत टोपल्यात हात घातला. तो गोळी घेऊन वळला तोच पुनमचंदची कुऱ्हाड त्याच्या मानेत बसली. तो पडला, त्यावर आणखी दोन घाव. प्रेमदास आडवा आला, त्याची दोन बोटं तुटली. सुदामची बायको रूपाबाई धावत आली तेव्हा नवऱ्याची मूठ अजून आवळलेलीच होती. सेनगावहून पोलीस यायच्या आत तिनं ती उघडली, गोळी काढून घेतली आणि कमरेला खोचली. उरलेल्या दोन गोळ्या नायकानं ओढ्यात फेकल्या. आता कसल्या गोळ्या, म्हणून विहिरीचा तुकडा त्यानं सरळ त्या विधवेला दिला.

रागात घडलं असं कोर्टानं धरलं आणि पुनमचंदला दहा वर्षांची जेल झाली. तिथंही त्यानं एकाचा जबडा मोडला, एकाचा कान चावला. भावाचं नाव काढलं की तो एवढंच सांगायचा, "त्यानं आधी उचलली. माझी इहीर मारली. मी माझ्या हक्कासाठी मारलं." दहा वर्षं या एका वाक्यावर तो जेवला, झोपला, जगला. विहीर रूपाबाईला मिळाली हे ऐकून तर त्याची खात्रीच पटली. हळकुंडच निघालं असणार, नाहीतर दिली कशाला असती!

दोन हजार तीनच्या आरंभी तो सुटून आला. पोरगी दिपा तेव्हा बारावी सायन्सला होती, रोज जीपला लटकून सेनगावला जायची. बापाला ती घाबरत होती, आणि त्याहून जास्त त्याचा राग करत होती. एका दुपारी ती ओट्यावर मोठ्यानं गणित वाचत होती. पिशवीत तीन चेंडू, एक लाल, तिघांनी एकेक काढायचा, काढलेला परत टाकायचा नाही. प्रत्येकाला लाल मिळायची संभाव्यता किती?

"ह्याला पुस्तक कशाला लागतं?" पुनमचंद म्हणाला. "पहिल्यानं हात घालनारा जिंकतो."

"न्हाई, बा. तिघांची बराबर येते."

"काहून?"

दिपानं वहीवर मांडून दाखवलं. पहिल्याला तिनात एक. तिसऱ्याला लाल मिळायचा तर आधीच्या दोघांचा हुकायला हवा. पहिल्याचा हुकायची संभाव्यता दोन तृतीयांश, मग दुसऱ्याचा हुकायची एक द्वितीयांश. गुणाकार केला की पुन्हा तिनात एकच. "आधी उचला, मागून उचला. फरक पडत न्हाई."

त्यानं तिच्या तोंडावर अशी चपराक मारली की ओठ फुटून रक्त वहीवर पडलं. तिनं ते ओढणीनं पुसलं, आणि खालची ओळ वाचत म्हणाली, "मारलं तरी उत्तर तेच येतं."

त्यानं हात पुन्हा उगारला. पण ती हलली नाही, तसा तो हात तसाच खाली आला. मग ती आत गेली, तीन कागद घडी घालून आणले, एकाला आतून हळद फासली, आईला बाहेर बोलावलं. पहिली दिपा, मग भिकाबाई, शेवटी पुनमचंद. हळदीचा ज्याच्या हाती येईल त्याच्यापुढं तुरीचा एक दाणा. नव्वद वेळा उचलले. सुरुवातीला तो शिव्या देत होता, नंतर दाणे स्वतःच मांडू लागला. शेवटी दाणे मोजले तर दिपापुढं एकोणतीस, भिकाबाईपुढं तीस, त्याच्यापुढं एकतीस. तो त्या दाण्यांकडं बघत बसला. दहा वर्षांत त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

सकाळी तो रूपाबाईच्या दारात उभा राहिला. दिपा मागं होती. अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती. थोरल्या दिराला पाहून रूपाबाईनं पदर पुढं ओढला.

"त्याच्या मुठीतली गोळी," पुनमचंदनं विचारलं. "तिच्यात काय निघालं?"

"फोडली न्हाई," ती म्हणाली. "त्यायनं फोडली न्हाई, मंग मी काहून फोडू?"

ती आत गेली, पत्र्याच्या पेटीतून चिंधी काढून आणली, तिच्यातली गोळी उंबऱ्यावर ठेवली आणि वरवंटा त्याच्यापुढं केला. "तुमीच फोडा. तुमाला सवय हाय."

पुनमचंदनं वरवंटा उचलला. उभ्या जन्मात त्यानं देवाकडं काही मागितलं नव्हतं, ते आता मागितलं. हळकुंड निघू दे. ते निघालं तर निदान सुदामनं विहीर नेली होती, असं तरी म्हणता येईल. तिनात एक, पोरगी म्हणाली होती.

त्यानं घाव घातला. माती फुटली आणि आतून काळा खडा निघाला.

सुदामनं माळ उचलला होता. विहीर टोपल्यातच होती, उरलेल्या दोन गोळ्यांत. उचलणारेही दोघंच उरले होते, प्रेमदास आणि तो.

"म्हंजे माझी..." त्यानं दिपाकडं पाहिलं.

"दोनात एक, बा," ती म्हणाली. तिचा फुटलेला ओठ अजून सुजलेला होता. "थांबले असते तर."

त्याच्या हातून वरवंटा गळाला. तो खाली बसला आणि जनावरासारखा ओरडून रडला. मग त्यानं तो खडा उचलला, तेव्हा रूपाबाई दहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघून बोलली.

"ठिवा तो. माझ्या मालकाचा वाटा हाय."