नाव ठेवायचं राहिलं

वीस वर्षं झाली, तरी न्यूझीलंडमधल्या पुकेकोहेच्या त्या म्हाताऱ्या शिकाऱ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तो शिकारी कुत्रे विकायचा आणि कुत्र्याची उंची आपल्या गमबुटाशी लावून बघायचा. माझ्या कोबीतले ससे आणि डोंगरातली डुकरं, दोन्हींच्या मागे धावेल असा एकच कुत्रा मला हवा होता. त्याने ग्रेहाउंडच्या संकराचा एक उंच, तपकिरी कुत्रा पुढे आणला.

"बुटके कुत्रे मी जन्मभर कुंपणांवरून उचलून नेलेत. हा स्वतः उडी मारतो, उंच गवतावरूनही बघतो."

कुत्रा बघताक्षणी माझ्या मनात भरला. पण माल आवडला की आधी खोट काढायची, हे मी मंडईत शिकलो होतो. म्हणालो, "हा कुत्रा की घोडा? आणि याची जात तरी कुठली?"

म्हाताऱ्याने कुत्र्याच्या कानांवर हात ठेवले. "मेट," तो मला म्हणाला, "त्याला ऐकू येतं," आणि फाटक लावून घेतलं.

मी तणतणत निघालो. पुढे जातिवंत कुत्रे पुष्कळ पाळले, सगळे बुटके. कुंपणावरून त्यांना उचलताना तो तपकिरी आठवतो. त्याला काय हाक मारायची, तेही ठरवलं होतं. नाव ठेवायचं सोडून मी नावं ठेवत बसलो.