तुलनासरांची नजर

मेडिकल कॉलेजातल्या पोरांनी त्यांना तुलनासर म्हणायला सुरुवात केली, कारण गुणसूत्रांच्या विकारांवर त्यांचा एकच प्रश्न असे: तुलना करा. एकविसावं गुणसूत्र जास्त आलं की डाऊन: तिरके डोळे, बऱ्याचदा तळहातावर एकच आडवी रेघ, कधी हृदयात छिद्र. अठरावं जास्त आलं की मुठी आवळलेलं, बहुधा वर्षही न काढणारं बाळ. मुलग्यात एक्स जास्त झाला की उंच, लांब पायांचा क्लाइनफेल्टर. मुलीत एकच एक्स उरला की टर्नर: बुटकी, मान रुंद, कोपरं बाहेर वळलेली, पाळी बहुधा येत नाही, हृदय तपासावंच लागतं.

नजर घारीची. कुणाच्याही लग्नात परक्या मुलाकडे बघून ते बायकोच्या कानात निदान सांगत. "अहो, आधी जेवा," ती म्हणे.

घारीच्या घरट्यात चौदा वर्षांची चिमणी होती, सरांची लेक, वर्गात सगळ्यांत बुटकी. "आमच्या आईवर गेलीय," एवढं म्हणून सर पेपर उघडत. घरातच राहणाऱ्या तिच्या आत्याने दाराच्या चौकटीत लोखंडी दांडा बसवून घेतला होता. रोज सकाळी स्टुलावर चढून चिमणी त्याला लोंबकळे.

"अजून थोडा वेळ. उंची काय फुकट येते?"

"आत्या, हातच लांब होतायत गं!"

"अहो, तिला पाळीही नाही अजून," बायको एकदा म्हणाली. "डॉक्टरांना दाखवू या?"

"मग मी कोण आहे?"

या प्रश्नाचं उत्तर तिने संसाराच्या हितासाठी गिळलं.

एके दिवशी सर चष्मा घरी विसरले. चिमणी तो घेऊन थेट वर्गात आली. पडद्यावर टर्नरचं चित्र होतं. त्याच्या शेजारी उभं राहून तिने चष्मा द्यायला हात लांब केला; कोपर चित्रातल्यासारखंच बाहेर वळलं. कुजबुज झाली आणि एकदम थांबली.

"काय झालं? लक्षणं सांगा!" सर गरजले.

सगळ्या वर्गाला उत्तर येत होतं आणि एकही हात वर नव्हता. असं भाग्य सरांच्या वाट्याला प्रथमच आलं. त्यांनी चष्मा लावला.

"बाबा," चिमणी पडद्याकडे बघत म्हणाली, "ही माझ्यासारखीच आहे की."

रक्ताच्या तपासणीनेही तेच सांगितलं. हृदय ठीक निघालं. उपचार करणारा डॉक्टर सरांचाच जुना विद्यार्थी. "वाढीची इंजेक्शनं देऊ, थोडी उंची मिळेल. सर, लहानपणीच आणली असती तर..." वाक्य त्याने तिथेच सोडलं. तुलना करायची त्याची हिंमत नव्हती.

घरी आल्यावर चिमणीने विचारलं, "म्हणजे मी आजीवर नाही गेले?"

"नाही."

"आणि लोंबकळून काही होणार नव्हतं?"

"नाही, बाळा."

"मग तो दांडा काढा."

"अगं राहू दे," आत्या कळवळली, "टॉवेल वाळत घालू."

सर पाना घेऊन स्टुलावर चढले. स्टूल डगमगलं.

"नीट बघून, बाबा," चिमणी म्हणाली आणि खालून स्टूल घट्ट धरलं.